स्वतंत्र कॉफीगृहाचा निकष

बदली होऊन बंगळुरास आलेल्या मराठी माणसापुढे पहिल्या महिन्यात दोन प्रश्न उभे राहतात. एक घराचा. तो कचेरीतील जुने सहकारी आणि घरांचे दलाल मिळून कसाबसा सोडवितात. दुसरा प्रश्न कॉफीचा. आणि तो जितका विचारावा तितका अवघड होत जातो. शहरात सर्वांत चांगली कॉफी कोठे मिळते, असे विचारले की बसवनगुडीत राहणारा बसवनगुडीतले नाव सांगतो, मल्लेश्वरमचा रहिवासी मल्लेश्वरममधले, आणि नुकतेच इंदिरानगरात बिऱ्हाड केलेला तरुण सहकारी या दोघांकडे करुणेने पाहून तिसरेच नाव सांगतो. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून हीच नावे याद्यांच्या रूपाने छापून येतात; बाजूला छायाचित्र आणि खाली तारे. या याद्यांवरून पत्ता कळतो, गुण कळत नाही. दहा कवींची नावे एकाखाली एक लिहिल्याने काव्याची समीक्षा होत नाही, तसेच हे आहे. यादी जेथे संपते तेथे समीक्षेचा आरंभ व्हावयास हवा, आणि समीक्षेला प्रथम हवा असतो तो निकष.

'सर्वोत्तम स्वतंत्र कॉफीगृह' असे आपण म्हणतो तेव्हा 'सर्वोत्तम' या शब्दाविषयी वाद होणार हे आपण गृहीतच धरतो. तो अभिरुचीचा शब्द आहे. परंतु 'स्वतंत्र' हा शब्द आपण फारच सैलपणे वापरतो. शेकडो शाखांच्या साखळीत नसलेले दुकान ते स्वतंत्र, एवढाच त्याचा आजचा रूढ अर्थ. या व्याख्येचा लंगडेपणा दाखविण्यास एक उदाहरण पुरे. लालबाग रस्त्यावरील मावळ्ळी टिफिन रूम, म्हणजेच एम. टी. आर., या संस्थेचा आरंभ १९२४ सालचा. १९७५ साली आणीबाणीत खाद्यपदार्थांचे भाव बांधले गेले तेव्हा उपाहारगृह चालविणे परवडेनासे झाले, आणि तयार पिठे व मसाले विकण्याच्या धंद्याला चालना मिळाली. तो धंदा पुढे इतका वाढला की २००७ साली ऑर्क्ला या नॉर्वेजियन कंपनीने तो विकत घेतला. उपाहारगृहे मात्र मूळ मैया कुटुंबाकडेच राहिली. म्हणजे वाण्याच्या दुकानातील पाकिटावरची तीन अक्षरे नॉर्वेची आणि लालबाग रस्त्यावरील पाटीची तीच तीन अक्षरे बंगळूरची! पाटी वाचून स्वातंत्र्य ओळखता येत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. 'स्वतंत्र' म्हटले की 'कोण, आणि कोणापासून?' हे विचारावेच लागते. त्या प्रश्नाकडे येण्यापूर्वी मात्र पेल्याकडे वळले पाहिजे. पेला बाजूला ठेवून केवळ परिसराचे गुणगान करणे म्हणजे कविता सोडून कवीचे चरित्र सांगत बसण्यासारखे आहे.

मराठी घरातील कॉफी आणि दक्षिणेतील कॉफी या दोन भिन्न वस्तू आहेत, हे आरंभीच मान्य करावे. आपल्याकडे कॉफी ही पाहुण्यांसाठी, आजारातून उठलेल्यासाठी किंवा परीक्षेसाठी जागणाऱ्या मुलासाठी. ती दुधात उकळावयाची, साखर सढळ हाताने घालावयाची, आणि वर जायफळ किंवा वेलदोडा. ती पिऊन झाल्यावर जायफळाची आठवण राहते. कॉफीची राहतेच असे नाही. आपल्या जुन्या भाषेत कॉफीच्या दाण्याला 'बुंद' असा शब्द होता. तो लोपला आणि कोणाला त्याची उणीवही भासली नाही, यावरून या पेयाशी आपले नाते किती दूरचे होते ते दिसते. दक्षिणेत कॉफी उकळीत नाहीत, ठिबकवितात. एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्या भांड्याच्या बुडाला बारीक छिद्रे. त्यात पूड, पुडीवर दांडीची चकती हलकेच दाबलेली, आणि त्यावर कढत पाणी. पंधरावीस मिनिटांत खालच्या भांड्यात जो दाट काळा अर्क जमतो ते डिकॉक्शन. या शब्दाचे भाषांतर 'काढा' असे केले तर मराठी वाचक अंथरुणात शिरेल. म्हणून मूळ शब्दच राहू द्यावा. डिकॉक्शनमध्ये कढत दूध घालून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतले की फेस येतो आणि कॉफी तयार होते.

दुकानाची अर्धी परीक्षा येथेच होते. पुडीवर एकदा पाणी ओतून मिळते ते पहिले डिकॉक्शन; त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतले की दुसरे मिळते, आणि ते रंगाने कॉफीसारखे असते एवढेच. पहिल्यात दुसरे किती मिसळावे हा दुकानदाराच्या सचोटीचा प्रश्न आहे. जिभेला हे थोड्याच दिवसांत कळू लागते. चांगल्या पेल्यात दुधाची गोडी आधी लागते, कडवटपणा मागून येतो, आणि घोट घेतल्यावरही तो काही वेळ रेंगाळतो. वाईट पेल्यात साखर आणि ऊब यांपलीकडे काही नसते.

याच ठिकाणी चिकोरीचा वाद उपस्थित होतो. चिकोरी हे एका वनस्पतीचे मूळ. ते भाजून, दळून कॉफीत मिसळतात. त्याने रंग गडद होतो, अर्काला दाटपणा येतो आणि चवीला एक मातकट गोडसरपणा येतो. नव्या पिढीचे रसिक तिच्याकडे नाक मुरडून पाहतात. जुने लोक तिच्यावाचून कॉफी ही कॉफीच मानीत नाहीत. आपल्या अन्नमानकांनी या वादात मध्यममार्ग काढला आहे: मिश्रणात कॉफीचे प्रमाण निदान ५१ टक्के असावे आणि चिकोरी किती आहे ते पाकिटावर छापलेले असावे. बंगळुरात पूड दळून देणाऱ्या दुकानांत ग्राहक स्वतःच 'ऐंशी-वीस' असे प्रमाण सांगतो आणि डोळ्यांदेखत पूड घेऊन जातो. माझ्या मते वादाचा निकाल याच व्यवहारात आहे. सांगून घातलेली चिकोरी ही रूढी. न सांगता घातलेली ती भेसळ. रूढीला सौंदर्य असू शकते. शुद्धतेच्या नावाखाली तिला हसणे हे अभिरुचीचे लक्षण नव्हे.

केवळ पेल्याचा निकष लावला तर बसवनगुडी, शंकरपुरम या जुन्या भागांतील उपाहारगृहे आघाडीवर राहतील. गांधी बाजारातील विद्यार्थी भवन १९४३ सालचे. त्याची कीर्ती डोशासाठी, पण डोशामागून येणारी कॉफी त्या कीर्तीला कमीपणा आणीत नाही. शंकरपुरममधील ब्राह्मिन्स कॉफी बार १९६५ सालचा, आणि त्याचा नमुना तर समीक्षकाने अवश्य अभ्यासावा. इडली, वडा, खारा भात, केसरी भात, कॉफी, चहा. जवळजवळ एवढ्यावरच कारभार. यांतील खारा भात म्हणजे आपला उपमा आणि केसरी भात म्हणजे आपला शिरा. सोबत चटणी मिळते, सांबार मिळत नाही. दक्षिणेतील उपाहारगृहाने सांबार न ठेवणे म्हणजे एखाद्या कादंबरीकाराने निसर्गवर्णन न करण्याचा निश्चय करण्यासारखे आहे. बाकीचे सारे पक्के असल्यावाचून असा निश्चय निभत नाही. पदार्थांची यादी जितकी लांब तितके लक्ष विभागले जाते, हा नियम नवागताने ध्यानात ठेवावा. ज्या दुकानाच्या फलकावर चिनी नूडल्स, उत्तरेकडील पनीर आणि फळांचा रस एकत्र नांदत असतील, तेथील कॉफीकडून फार अपेक्षा करू नये.

या भागांतील आणखी एक चाल लक्षात घेण्याजोगी आहे. दोघांनी मिळून एकच कॉफी मागवावी आणि ती दोन लहान पेल्यांत अर्धी अर्धी घ्यावी, याला येथे 'बाय-टू' म्हणतात. अशी मागणी करणाऱ्याकडे कोणी तुच्छतेने पाहत नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्यासारख्या कारकुनांना या चालीचे मोल विशेष कळते. परंतु या दुकानांची मर्यादाही सांगितली पाहिजे. यांतील कित्येक ठिकाणी, आणि १९८० नंतर शहरभर पसरलेल्या 'दर्शिनी' नावाच्या उपाहारगृहांत तर सर्रास, कॉफी उभ्याउभ्या घ्यावी लागते. हातात तापलेला पेला, मागे ताटकळलेली माणसे; चार घोट घ्यावेत आणि वाट धरावी. संभाषण तेथे सुरू होते, पण रंगू शकत नाही. पेला उत्तम असला तरी हे गृह नव्हे. ही कॉफीची खिडकी आहे. ती तिच्या जागी श्रेष्ठ आहे, एवढेच म्हणता येते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला नवी कॉफीगृहे आहेत. त्यांची थट्टा करणे सोपे. त्यांनी साधले काय, ते समजून घेण्यासाठी मात्र थोडा इतिहास पाहावा लागतो. बाबा बुदन नावाच्या सूफी साधूने सतराव्या शतकात हजहून परतताना येमेनमधून सात बिया आणल्या आणि त्या चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगराला आजही त्याचे नाव आहे. साधूचे नाव राहिले, पण पुढच्या काळातील मळेवाल्यांची नावे पेल्यापर्यंत कधी पोचली नाहीत. १९४२ च्या कायद्यानंतर तर मळेवाल्याने आपले पीक कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावे आणि बोर्डाने ते विकून त्याला पैसे द्यावेत, अशी व्यवस्था होती. महायुद्धामुळे परदेशी बाजार तुटलेल्या मळेवाल्यांना तिने तारले, हे विसरून चालणार नाही. परंतु त्या साठ्यात एका मळ्याचा दाणा दुसऱ्या मळ्याच्या दाण्यात मिसळून निनावी होत असे. चांगले पिकविणाऱ्याला चांगला म्हणून ओळख मिळण्याचा मार्ग नव्हता. १९९२ पासून ही बंधने सैल होत गेली आणि १९९६ पर्यंत मळेवाल्याला आपला माल आपल्या इच्छेने विकण्याची मोकळीक मिळाली. त्याच १९९६ साली बंगळुरात ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान निघाले. आज नव्या कॉफीगृहातील पाकिटावर मळ्याचे नाव, झाडाची जात आणि दाणे भाजल्याची तारीख वाचावयास मिळते. निनावी लेखनाला लेखकाचे नाव मिळावे, तसा हा बदल आहे, आणि तो मोठा आहे.

परंतु नव्या कॉफीगृहांच्या स्वातंत्र्यालाही दोन बाजू आहेत. दिल्लीत २०१३ साली निघालेली ब्लू टोकाई मळ्यांची नावे पुढे आणीत लोकप्रिय झाली आणि स्वतःच एक साखळी बनली. यात दोष काहीच नाही. पण आजचे स्वतंत्र दुकान ही उद्याच्या साखळीची पहिली कडी असू शकते, एवढे त्यावरून कळते. दुसरी बाजू किमतीची. नव्या कॉफीगृहातील एका पेल्याच्या पैशात दर्शिनीत निदान चारपाच जणांची कॉफी होते. तेथे खुर्ची आहे, निवांतपणा आहे, बोलावयास जागा आहे. पण तेथे बसणारा माणूस पेल्याबरोबरच आपण अमुक एका वर्गाचे आहोत असे प्रमाणपत्रही विकत घेतो. पाकिटावर मळ्याचे नाव आले, तेथे फळे वेचणाऱ्या मजुराचे आले नाही. आणि पेला पुढे ठेवणारा तरुण त्या दुकानात परका तो परकाच.

येथे आपण अशा प्रश्नाशी येतो, ज्याला याद्या कधीच हात घालीत नाहीत: कॉफीगृहात कोण बसू शकतो? एम. टी. आर.चे १९२४ सालचे मूळ नाव 'ब्राह्मण कॉफी क्लब' असे होते. त्या काळी असे नाव केवळ शाकाहाराची खूण नसे. अन्न कोणाच्या हातचे आहे याची ती ग्वाही असे. दक्षिणेतील अनेक कॉफी हॉटेलांत ब्राह्मणांची बसण्याची जागाही निराळी असे. तमिळ प्रदेशातील कॉफीचा हा सामाजिक इतिहास ए. आर. वेंकटाचलपती यांनी २००६ साली ग्रंथरूपाने आलेल्या आपल्या लेखनात मांडला आहे. १९५७ साली मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातील एका कॅफेच्या पाटीवरील 'ब्राह्मण' हा शब्द काढावा म्हणून पेरियार यांच्या अनुयायांनी आंदोलन केले. मराठी वाचकाने हे सारे दूरचे समजू नये. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आले आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. आज शंकरपुरमच्या दुकानापुढे वाटेल तो माणूस उभा राहतो आणि कोणी कोणाची जात पुसत नाही, हे चांगलेच आहे. तरीही ही मोकळीक आपोआप आली नाही, ती मिळवावी लागली. एका पेल्याचे मोल देऊन, नावगाव न सांगता, अनोळखी माणसांच्या शेजारी बसता येणे, हे पिणाऱ्याचे स्वातंत्र्य. कॉफीगृहाच्या समीक्षेत त्याला चवीइतकेच महत्त्व दिले पाहिजे.

म्हणूनच इंडिया कॉफी हाऊसचा इतिहास मला मननीय वाटतो. भारतीयांत कॉफीचा खप वाढावा या उद्देशाने कॉफी सेस कमिटीने १९३६ साली पहिले कॉफी हाऊस उघडले ते मुंबईत, चर्चगेटला. पुढे ती कॉफी बोर्डाकडे आली आणि मोठ्या शहरांत पसरली. १९५० नंतरच्या दशकात बोर्डाने ती बंद करावयाचे ठरविले. हा निर्णय कोणत्या भाषेत लिहिला गेला असेल, याची कल्पना करणे आम्हां कचेरीतील लोकांना कठीण नाही. नोकरी गमावणाऱ्या सेवकांना कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी सहकारी संस्था स्थापण्याचा सल्ला दिला. पहिली संस्था १९ ऑगस्ट १९५७ रोजी याच बंगळुरात स्थापन झाली; २७ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीचे कॉफी हाऊस सेवकांच्या संस्थेमार्फत सुरू झाले. जे काल पेले उचलीत होते ते आज मालक झाले. पांढरा पोषाख, रुंद कमरपट्टा आणि तुऱ्याचा फेटा हा साहेबी काळातील चाकरीचा वेष. पण तो घालणारा माणूस आता संस्थेचा सभासद होता. वेष तोच राहून अर्थ पालटावा, याचे याहून बोलके उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

बंगळूरचे हे कॉफी हाऊस अनेक वर्षे महात्मा गांधी रस्त्यावर होते. ती जागा सोडावी लागल्यावर २००९ साली ते चर्च स्ट्रीटवर गेले. तेथील पेला शहरात सर्वोत्तम आहे काय? माझे मत विचाराल तर नाही. शंकरपुरमच्या पेल्यापुढे तो उणा पडेल. शिवाय सहकारी मालकीने सर्व संकटे टळतात असेही नाही. दिल्लीच्या कॉफी हाऊसची कनॉट प्लेसमधील वास्तू आणीबाणीत, १९७६ साली पाडण्यात आली आणि त्याला मोहनसिंग प्लेसच्या गच्चीवर जावे लागले. विष्णु प्रभाकरांसारखे हिंदी लेखक तेथेही जात राहिले, ही गोष्ट वेगळी. कलकत्त्यात कॉलेज स्ट्रीटवरील कॉफी हाऊस १९५८ साली बंद पडले होते. प्राध्यापकांनी खटपट केली तेव्हा ते पुन्हा उघडले. आणखी एक धोका सूक्ष्म आहे. मन्ना डे यांनी १९८३ साली गायिलेल्या गीताने कलकत्त्याचे कॉफी हाऊस अजरामर केले. पण त्याबरोबरच हरवलेल्या मित्रांसाठी हळहळण्याचे ते ठिकाण झाले. जुन्या कॉफीगृहात लोक बोलण्यासाठी येण्याऐवजी पूर्वी येथे कोण बोलत असे ते पाहण्यासाठी येऊ लागले, की ते जिवंत असूनही स्मारक होते. ज्या टेबलावर आज काही वाद चालू नाही, त्या टेबलाच्या इतिहासाचे कौतुक मर्यादेतच असावे.

हे सर्व दोष ध्यानात घेऊनही, एकच नाव सांगावयाचे असेल तर मी चर्च स्ट्रीटचे सांगेन. पेल्याचे गुण जिभेला कळतात आणि त्यासाठी सकाळी लवकर शंकरपुरमला जावे. घरी न्यावयाची पूड तारीख वाचून, मळ्याचे नाव पाहून घ्यावी आणि ही सवय लावल्याबद्दल नव्या दुकानांचे ऋण मानावे. परंतु 'स्वतंत्र' हा शब्द 'गृह' या शब्दाला शोभेल असा तेथेच आढळतो, जेथे पेला आणणारा कोणाचा चाकर नाही आणि पिणाऱ्याला कोणी उठवीत नाही. परमुलखात आपली माणसे महाराष्ट्र मंडळात भेटतात आणि ते आवश्यकच आहे. पण तेथे आपण आपल्यांनाच भेटतो. तीन वर्षे एका शहरात काढूनही त्या शहराची भाषा केवळ बसवाहकाच्या तोंडून ऐकलेली असावी, ही आपल्यापैकी अनेकांची स्थिती आहे. शेजारच्या टेबलावरचे कन्नड बोलणे हळूहळू कळू लागते ते बसावयास जागा असली तरच. या दृष्टीने पाहिले म्हणजे कॉफीगृहाची निवड ही चैनीची बाब न राहता, त्या शहरात आपण पाहुणे म्हणून राहणार की रहिवासी म्हणून, याचा निर्णय ठरते.

हा निकष बंगळुरापुरता नाही. दिल्ली आणि कलकत्ता येथील वाचकांजवळ त्याच कुळातील कॉफीगृहे आहेत. तिरुवनंतपुरमच्या वाचकांजवळ तर थंपानूर येथे लॉरी बेकर यांनी बांधलेली, गोल फिरत वर चढणारी, चढावावरच टेबले मांडलेली वास्तू आहे. त्यांनी आपापल्या गावच्या कॉफीगृहांची अशी परीक्षा करून पाहावी: डिकॉक्शन पहिले की दुसरे, चिकोरी सांगितलेली की लपविलेली, पेला रिकामा झाल्यावर किती वेळ बसू देतात, आणि मिळालेला पैसा अखेर कोणाच्या हाती जातो. माझा निर्णय चुकीचा वाटल्यास त्यांनी याच पानांतून त्याचे खंडन करावे. मात्र खंडन करताना यादी देऊ नये, निकष द्यावा.